नवगावचे दोन उंचवटे : बेने इस्रायल समाजाच्या आद्य दफनभूमीचा प्रकरण अभ्यास

अलिबागहून उत्तरेकडे निघाले की थळ मागे पडते आणि किहीम येण्याआधी समुद्राच्या बाजूला नवगाव लागते. नारळाच्या वाड्या, भातखाचरे आणि कोळ्यांच्या होड्या असलेले हे गाव वरवर पाहता अष्टागरातल्या इतर गावांसारखेच आहे. परंतु महाराष्ट्रातल्या ज्यू समाजाचा, म्हणजे बेने इस्रायलांचा, सगळा इतिहास याच गावापासून सुरू होतो, आणि तो प्रार्थनामंदिरापासून किंवा ताम्रपटापासून सुरू न होता एका दफनभूमीपासून सुरू होतो. फुटलेल्या जहाजातून किनाऱ्याला लागलेली प्रेते दोन मोठ्या उंचवट्यांखाली, पुरुष एकीकडे आणि स्त्रिया दुसरीकडे, पुरली गेली आणि वाचलेल्यांनी त्यांच्या आसपास वस्ती केली, अशी या समाजाची परंपरा आहे.

नव्या मुलखात गेलेल्या पहिल्या वसाहतकऱ्यांच्या ग्रामीण दफनभूमी जगात अनेक ठिकाणी अभ्यासल्या गेल्या आहेत. अमेरिकेच्या गवताळ प्रदेशात एखाद्या शेताच्या कडेला पहिले मूल किंवा पहिला वाटसरू पुरला जाई आणि त्या एका थडग्याभोवती पुढे सगळ्या वस्तीची दफनभूमी वाढे. चर्च आणि शाळा मागून येत. नवगावचे प्रकरण त्याच जातीचे असले तरी त्यात दोन गोष्टी निराळ्या आहेत. येथे पहिली थडगी सामुदायिक आहेत, आणि त्यांच्याबद्दलची लेखी नोंद घटनेनंतर कित्येक शतकांनी झालेली आहे. त्यामुळे या दफनभूमीचा उगम शोधताना घटना, तिची आठवण आणि त्या आठवणीला मिळालेले आजचे दृश्य रूप या तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात. तसे केल्यावर माझ्या दृष्टीने एक निष्कर्ष ठाम राहतो : सर्वस्व गमावलेल्या एका लहान गटाला परक्या किनाऱ्यावर पहिली स्वतःची म्हणावी अशी जमीन मिळाली ती त्याच्या मृतांमुळे, आणि ती जमीन देणारे हात गावकऱ्यांचे होते.

परंपरेतील हकीकत

या हकीकतीचे सर्वांत सविस्तर लेखी रूप हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी दिले. ते स्वतः बेने इस्रायल होते, मुंबईत समाजाची शाळा उभारणाऱ्यांपैकी एक होते, आणि त्यांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ मध्ये लिहून पूर्ण केला. तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीव येथे, त्यांच्या मृत्यूनंतर. त्यांनी नोंदवलेल्या परंपरेनुसार पूर्वजांचे जहाज खांदेरी आणि उंदेरी या बेटांजवळ फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया पोहत किंवा फळकुटांच्या आधाराने नवगावच्या किनाऱ्याला लागल्या. बाकीचे बुडाले. त्यांची प्रेते लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकली आणि ती नवगावलाच पुरण्यात आली. जहाजाबरोबर धर्मग्रंथही गेले. उरले ते तोंडपाठ असलेले एक वचन, ‘शेमा यिस्राएल’, म्हणजे ‘हे इस्रायला, ऐक’. त्याखेरीज शब्बाथ म्हणजे शनिवारची विश्रांती पाळणे, मुलाची आठव्या दिवशी सुंता करणे, आणि खवले व पर असलेलेच मासे खाणे, एवढे आचार त्यांच्यापाशी राहिले.

ही हकीकत किहीमकरांनी रचलेली नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. त्यांच्या आधी कित्येक दशके, १९व्या शतकाच्या पूर्वार्धात, मुंबईतले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी समाजातल्या लोकांकडून जवळजवळ हीच गोष्ट ऐकली आणि लिहून ठेवली होती : सात पुरुष, सात स्त्रिया, चौलजवळचा जहाजाचा अपघात आणि आश्रयाचे गाव नवगाव. विल्सन यांना मिळालेल्या माहितीत हे पूर्वज उत्तरेकडच्या एका देशातून सुमारे १६०० वर्षांपूर्वी आले, असा काळ सांगितला होता. किहीमकरांनी मात्र इसवी सन पूर्व १७५ हे वर्ष धरले. दोघांमध्ये चार शतकांचे अंतर आहे. गावाचे नाव, सातचा आकडा आणि अपघात या गोष्टी स्थिर राहिल्या, काळ मात्र मागे सरकला, हे मौखिक परंपरेच्या स्वभावाला धरूनच आहे. माणसे जागा विसरत नाहीत, कारण जागा दाखवता येते. शतकांचा हिशेब ठेवायला काही साधन नसते.

किहीमकरांनी काळ मागे नेला त्यामागे एक तर्क होता आणि तो विचार करण्याजोगा आहे. कोकणातल्या बेने इस्रायलांना हनुक्का हा सण माहीत नव्हता. हा सण इसवी सन पूर्व दुसऱ्या शतकात, राजा अँटायोकस एपिफेनीस याच्या छळानंतर यरुशलेमचे मंदिर शुद्ध करण्यात आले त्या प्रसंगाचा आहे. तेव्हा पूर्वजांनी त्याआधीच देश सोडला असला पाहिजे, असे किहीमकर मांडतात. या तर्काची मर्यादा अशी की ज्या गटाने ग्रंथ गमावले आणि शिक्षकांवाचून शतके काढली, त्याच्या आचारांतून एखादा सण गळून पडणेही तितकेच शक्य आहे. एखादी गोष्ट माहीत नसणे हा ती कधीच माहीत नव्हती याचा पुरावा होत नाही. तरीही आपल्या समाजाच्या रिकाम्या जागांतून इतिहास वाचण्याचा त्यांचा प्रयत्न मला मोलाचा वाटतो, कारण त्यांच्यापुढे दुसरे साहित्यच नव्हते.

समुद्र, बेटे आणि बंदर

हकीकतीतला भूगोल तपासला तर तो घट्ट बसतो. नवगावपासून किनाऱ्याने साधारण २० ते २५ किलोमीटर दक्षिणेला चौल आहे. प्राचीन ग्रीक भूगोलकारांना ते सिमुल्ला या नावाने ठाऊक होते आणि अरब प्रवाशांना सैमूर म्हणून. इसवी सनाच्या पहिल्या शतकांपासून तांबड्या समुद्राशी आणि इराणच्या आखाताशी या बंदराचा व्यापार चाले, आणि १०व्या शतकात अल्‌-मसुदीने तेथे राहणाऱ्या परदेशी मुसलमानांची मोठी वस्ती पाहिली होती. एडनहून किंवा आखातातून पावसाळी वाऱ्यांवर आलेले जहाज चौलला किंवा आणखी उत्तरेच्या बंदरांना जाताना याच पाण्यातून जाई. खांदेरी-उंदेरीच्या आसपास खडक आहेत आणि त्या भागात वाऱ्याच्या माऱ्यात सापडलेल्या जहाजाला धोका होता. म्हणून तर इंग्रजांच्या काळात, १८६७ मध्ये, खांदेरीवर दीपगृह उभारले गेले. त्याआधी १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला आणि पुढल्याच वर्षी सिद्दीने उंदेरी बळकावली, ती या पाण्यावर नजर ठेवण्यासाठीच. बेटांपासून थळ-नवगावचा किनारा समोरच दिसतो. तेथे फुटलेल्या जहाजातली माणसे आणि प्रेते याच वाळूला लागणे स्वाभाविक आहे.

भूगोल जुळतो म्हणून घटना सिद्ध होते असे नाही, कारण अशी गोष्ट रचणारे लोकही त्याच किनाऱ्यावर राहत होते आणि त्यांना तो भूगोल उत्तम माहीत होता. मात्र एवढे म्हणता येते की परंपरेत अशक्य असे काही नाही.

उंचवटे काय सांगतात

आता दफनाच्या प्रश्नाकडे वळू, कारण या प्रकरणाचा गाभा तो आहे.

ज्यू धर्मशास्त्रात बेवारस प्रेताला मूठमाती देणे हे इतर बहुतेक कर्तव्यांहून वरचे मानले जाते. इतके की ज्या प्रमुख याजकाला आईवडिलांच्या प्रेतालाही स्पर्श करण्याची मनाई आहे, त्यानेही वाटेत बेवारस प्रेत दिसले आणि दुसरे कोणी नसले तर ते पुरले पाहिजे. तालमूद या ज्यू धर्मनियमांच्या प्राचीन ग्रंथात, मोशेनंतरचा नेता यहोशवा याने देश वाटून देताना घातलेल्या अटी सांगितल्या आहेत. त्यांतली एक अशी की असे प्रेत ‘आपली जागा मिळवते’. म्हणजे ते जेथे सापडले तेथेच पुरायचे आणि जमिनीच्या मालकाने त्याला हरकत घ्यायची नाही. नवगावच्या किनाऱ्यावर जे घडले असे परंपरा सांगते, त्याचे वर्णन याहून नेमक्या शब्दांत करता येणार नाही. बेने इस्रायलांपाशी तालमूद नव्हता, त्यामुळे त्यांनी हा नियम वाचून पाळला असे म्हणता येत नाही. पण ज्या संस्कृतीतून ते आले होते तिच्यात हा विचार खोल रुजलेला होता. त्याच संस्कृतीच्या आद्यग्रंथात अब्राहामाने कनान देशात विकत घेतलेली पहिली जमीन म्हणजे पत्नी सारा हिच्या दफनासाठी हेब्रोनजवळ ४०० शेकेल चांदी मोजून घेतलेली गुहा आणि तिच्याभोवतीचे शेत होय. ‘मी तुमच्यात परका आणि उपरा आहे’ असे म्हणून तो जागा मागतो. परक्या भूमीत पाय रोवण्याची सुरुवात कबरीपासून होते, हा अनुभव या लोकांना जुना होता.

पुरुष आणि स्त्रिया वेगळ्या उंचवट्यांखाली का, याचे उत्तर मर्यादेच्या कल्पनेत सापडते. अनेक प्रेते एकाच वेळी, कोण कोणाचा हे ओळखण्याची सोय नसताना पुरायची वेळ आली, तर निदान एवढी विभागणी पाळली जावी, हे समजण्यासारखे आहे. यात मला एक महत्त्वाची गोष्ट दिसते. घाईगर्दीत एकच मोठा खड्डा खणणे सोपे होते. दोन खणले गेले याचा अर्थ, परंपरा खरी असेल तर, त्या दिवशी किनाऱ्यावर कोणी तरी असा होता ज्याला आपल्या मृतांची प्रतिष्ठा जपायची होती. आणि परंपरा रचलेली असेल तर ती रचणाऱ्यांना आपल्या पूर्वजांनी असेच वागले असले पाहिजे असे वाटत होते.

ती रचलेली असू शकते का? हा प्रश्न टाळता येत नाही. कोकणातच आणखी एका समाजाची उत्पत्तिकथा समुद्रातून लागलेल्या प्रेतांची आहे. चित्पावन ब्राह्मणांच्या कथेत परशुरामाने किनाऱ्याला लागलेली १४ प्रेते जिवंत करून त्यांना ब्राह्मण केले. सात जोडपी म्हणजेही १४ माणसे. हे साम्य अभ्यासकांनी पूर्वीच दाखवून दिले आहे, आणि त्यावरून दोन्ही समाज एकाच मुळाचे असल्याचे तर्क काही जणांनी लढवले, ते मात्र पुराव्याला सोडून आहेत. किनाऱ्यावर शतकानुशतके शेजारी राहणारे समाज एकमेकांच्या कथांचे साचे उचलतात, एवढेच त्यातून निघते. दोन कथांतला फरकही पाहण्यासारखा आहे. चित्पावनांच्या कथेत प्रेते उठतात. बेने इस्रायलांच्या कथेत प्रेते मातीतच राहतात आणि जिवंत माणसे वेगळी असतात. म्हणून एका कथेला दफनभूमीची गरज नाही, दुसरीला ती आहे.

सातच्या आकड्याला आणखी एक मूळ असू शकेल असे मला वाटते. उत्पत्तीच्या ग्रंथात नोहाला शुद्ध प्राण्यांची सात सात, नर-मादी, अशी जोडपी तारवात घेण्याची आज्ञा आहे, आणि पुराच्या पाण्यातून वाचून त्यांनी पुन्हा पृथ्वी भरली. ग्रंथ हरवलेल्या लोकांना तारवाची गोष्ट मात्र आठवत राहिली असेल, तर पाण्यातून वाचलेल्या आपल्या पूर्वजांची संख्या त्यांनी सात जोडपी अशी सांगणे साहजिक होते. हा केवळ माझा कयास आहे आणि तेवढ्याच वजनाने तो घ्यावा.

जनुकशास्त्राने या वादात नवी माहिती घातली आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बेने इस्रायलांच्या जनुकांत मध्यपूर्वेतील ज्यू आणि भारतीय अशा दोन्ही वंशांचा भरीव वाटा आढळला. हा संकर सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाला, आणि त्यात ज्यू वाटा अधिक करून पुरुषांकडून, तर स्थानिक वाटा स्त्रियांकडून आला, असा निष्कर्ष निघाला. म्हणजे मूळ मंडळी बाहेरून आली हा परंपरेचा मुख्य दावा खरा ठरतो. सात स्त्रियाही बरोबर होत्या आणि पुढचा सगळा समाज त्या सात जोडप्यांपासूनच वाढला, हा भाग मात्र जसाच्या तसा टिकत नाही. स्थानिक स्त्रिया या समाजात आल्या. संकराचा काळ म्हणजे आगमनाचा काळ नव्हे, ही सावधगिरी येथे ठेवली पाहिजे. पूर्वज त्याआधी कितीही वर्षे येऊन राहिलेले असू शकतात, आणि सगळे एकाच जहाजातून आले असेही धरण्याचे कारण नाही. मायमोनिडीस या ज्यू धर्मपंडिताने १२व्या शतकाच्या अखेरीस एका पत्रात भारतातल्या अशा ज्यूंचा उल्लेख केला आहे ज्यांना शब्बाथ आणि सुंता यांपलीकडे धर्मशास्त्र माहीत नाही. तो बेने इस्रायलांना उद्देशून असेल तर तोवर ते येथे स्थिरावलेले होते.

या सगळ्यातून उंचवट्यांबद्दल काय ठरते? ज्यू धर्मशास्त्र पुरलेल्याला उकरायला परवानगी देत नाही आणि समाजाच्या दृष्टीने ही जागा पवित्र आहे, म्हणून उंचवट्यांचा अर्थ खोदून ठरवण्याचा मार्ग मी येथे विचारातच घेत नाही. त्यांचे पुराव्याचे मोल दुसऱ्या ठिकाणी आहे. पिढ्यान्‌पिढ्या लोक या जागेकडे बोट दाखवत आले, तिच्याशेजारी आपले मृत पुरत आले, आणि जवळपास कोणतेही लेखी साधन नसताना त्यांनी ‘आम्ही येथून सुरू झालो’ हे वाक्य टिकवले. विल्सन यांच्या नोंदीत नवगाव आहे आणि किहीमकरांच्या ग्रंथातही नवगावच आहे. समाजाची श्रीमंत माणसे तोवर मुंबईत होती, प्रार्थनामंदिरे मुंबईत आणि तालुक्याच्या गावांत होती. गोष्ट रचायची असती तर आधार म्हणून चौलसारखे नामांकित बंदर निवडणे अधिक शोभले असते. लहानशा नवगावला धरून राहण्याचे कारण मला एकच दिसते : दाखवायला तेथे काही तरी होते.

जमीन कोणाची

परंपरेत एक माणूस कोठेच येत नाही. ज्याच्या जमिनीत हे उंचवटे झाले तो. किनाऱ्यालगतची ही जमीन निर्जन नव्हती. नवगाव नावाचे गाव तेथे होते, आणि गावात कोळी, आगरी, शेतकरी असणारच. परक्या भाषेची, भिजलेली, आजारी अशी काही माणसे आणि वाळूवर पडलेली प्रेते त्यांनी पाहिली असतील. हिंदू रीतीने ही प्रेते जाळली गेली असती. ती पुरली गेली, याचा अर्थ वाचलेल्यांचे म्हणणे कोणी तरी ऐकून घेतले. जमीन किती लागणार, ती पुन्हा लागवडीखाली येणार नाही, हे शेतकऱ्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नसते. कोकणात, डोंगर आणि खाडी यांच्यामध्ये पट्टीपट्टीने जमीन असलेल्या मुलखात, ते सोडून देणे लहान नव्हते. ज्या मौखिक परंपरेने सातचा आकडा जपला, तिने या माणसाचे नाव जपले असते तर फार बरे झाले असते.

त्यानंतरच्या वागणुकीतून मात्र हे नाते वाचता येते. या लोकांनी तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवला आणि म्हणून गावोगाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. गावाच्या जातिव्यवस्थेत त्यांना एक ठराविक जागा मिळाली. ती मानाची नव्हती, पण त्यांच्या शब्बाथला तीत वाव होता, आणि आपल्या धर्मापायी त्यांचा छळ येथे झाला नाही, ही गोष्ट बेने इस्रायल आजही मोठ्या कृतज्ञतेने सांगतात. घरात मराठी आली, अंगावर नऊवारी आणि पागोटे आले, सणांना ‘नव्याचा सण’, ‘खिरीचा सण’ अशी नावे पडली. विस्तार झाला तसे ते नवगावाहून आसपासच्या गावांत पसरले आणि गावावरून आडनावे पडली : नवगावकर, थळकर, किहीमकर, झिराडकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, चौलकर. ही यादी पुढे ठेवून नकाशा पाहिला तर समाज कसा पसरला हे वेगळे सांगावे लागत नाही. तेल्याचा धंदा दर गावी एकदोनच कुटुंबांना पोसतो, त्यामुळे त्यांना विखुरणे भागच होते. विखुरलेल्या कुटुंबांना एकत्र आणणाऱ्या गोष्टी थोड्या होत्या : लग्ने, सुंता आणि दफन. त्यांपैकी दफनाला जागा पक्की लागते.

एका जागेशी बांधलेली दुसरी आठवणही अलिबागजवळच आहे. सागाव-खंडाळा येथे (हे घाटातले खंडाळे नव्हे) एका खडकावर एलियाहू संदेष्ट्याच्या रथाची खूण उमटली असे मानतात. तेथे पोहे, गूळ, खोबरे आणि फळे यांचा मलिदा करून नवस फेडले जातात. एलियाहू हा ज्यू परंपरेत मृत्यू न पावता स्वर्गात गेलेला संदेष्टा. एकीकडे मृतांचे नवगाव आणि दुसरीकडे मृत्यू न पाहिलेल्या संदेष्ट्याचे खंडाळे, अशा दोन जागांमध्ये या समाजाची श्रद्धा कोकणच्या मातीत रोवली गेली. ग्रंथ नसताना भूगोलाने ग्रंथाचे काम केले, असे म्हणणे मला योग्य वाटते.

दफनभूमी आधी, प्रार्थनामंदिर नंतर

लेखी धर्म परत आला तो फार उशिरा. परंपरेत डेव्हिड रहाबी नावाचा एक ज्यू विद्वान येतो, स्त्रियांपुढे मिश्र मासळी ठेवतो, त्या खवले आणि पर असलेले मासेच वेचून घेतात, आणि त्यावरून तो या लोकांना आपले म्हणून ओळखतो. त्याने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या तीन घराण्यांतल्या माणसांना शिकवून काझी, म्हणजे समाजाचे धर्माधिकारी, केले. समाज रहाबीला बराच प्राचीन मानतो. इतिहासकार त्याचा संबंध कोचीनच्या १८व्या शतकातल्या रहाबी घराण्याशी जोडतात. त्यानंतर १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर या कंपनी सरकारच्या फौजेतल्या बेने इस्रायल अधिकाऱ्याने मुंबईत समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटका झाल्याबद्दल केलेला तो नवस होता असे सांगतात. कोकणातली मंदिरे त्याही नंतरची : अलिबागच्या इस्रायल आळीतले मागेन आवोथ १८४८ मधले, आणि आजची इमारत १९१० मधली.

म्हणजे आगमनाचा अगदी अलीकडचा काळ धरला तरी कित्येक शतके या समाजापाशी दफनभूमी होती आणि प्रार्थनामंदिर नव्हते. ज्यू रीतीला हे धरूनच आहे. जेथे वस्ती होते तेथे प्रार्थना कोणाच्याही घरात करता येते, दहा प्रौढ पुरुष जमले की पुरे. दफनाला मात्र स्वतंत्र भूमी हवी. यामुळे नवगावची दफनभूमी ही समाजाची पहिली सामुदायिक संस्था ठरते. मुकादम, चौगुला, काझी, हझ्झान (प्रार्थना चालवणारा) ही पदे पुढे मंदिराभोवती रूढ झाली, पण सर्वांनी मिळून एक जागा राखायची, तिच्यावर कोणा एकाचा हक्क नसायचा, आणि परगावच्या आपल्या माणसालाही तेथे स्थान द्यायचे, हा धडा त्याआधीच गिरवला गेला होता.

आजची स्थिती

१९४८ नंतर समाजाचा मोठा भाग इस्रायलला गेला. त्या सुमारास भारतात सुमारे २० हजार बेने इस्रायल होते; आज येथे काही हजार उरले आहेत आणि कोकणातल्या गावांत तर बोटांवर मोजण्याइतकी घरे. इस्रायलमध्ये गेल्यावर तेथील धर्मपीठाने त्यांच्या विवाहांविषयी शंका घेतल्या. त्याविरुद्ध समाजाला आंदोलन करावे लागले, आणि १९६४ मध्ये त्यांना सर्व बाबतींत पूर्ण ज्यू म्हणून मान्यता मिळाली. त्या झगड्यात नवगावच्या परंपरेला निराळे वजन आले. ‘आम्ही कोठून आलो’ हा प्रश्न तोवर घरातल्या आठवणीचा होता. आता तो नागरिकत्वाच्या आणि प्रतिष्ठेच्या वादात उभा राहिला. नवगावला आज जे स्मारक आहे आणि इस्रायलहून येणारी कुटुंबे अलिबागच्या मंदिराबरोबर तेथेही जातात, त्यामागे ही पार्श्वभूमी आहे. स्मारकामुळे जागा ओळखू येते. त्याबरोबर एक जोखीमही येते, ती अशी की दगडावर कोरलेली गोष्ट अंतिम मानली जाते आणि तिच्यातले वेगवेगळे थर पाहण्याची सवय सुटते.

महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. तथापि ग्रामीण दफनभूमींचा प्रश्न दर्जाने सुटणारा नाही. अलिबाग तालुक्यात मुंबईकरांच्या बंगल्यांसाठी जमिनीला आलेला भाव सर्वांना ठाऊक आहे, आणि ज्या गावात समाजाचे एकही घर उरलेले नाही तेथल्या दफनभूमीची हद्द कोण सांभाळणार हा प्रश्न केवळ भावनेचा नाही. अशा प्रत्येक जागेचा सातबारा उतारा, तिच्यावरील नोंदीत दफनभूमीचा स्पष्ट उल्लेख, सरकारी मोजणी आणि कायमच्या हद्दीच्या खुणा या गोष्टी प्रथम व्हायला हव्यात. त्यानंतर जुन्या थडग्यांवरचे मराठी आणि हिब्रू लेख, दगड झिजून जाण्याआधी, छायाचित्रांसह उतरवून घेतले पाहिजेत. या लेखांतली मराठी नावे, गावे आणि दोन कालगणनांतल्या तारखा एकत्र केल्या तर आडनावांच्या नकाशाला काळाची बाजू मिळेल. ज्यांवर लेख नाहीत अशा नुसत्या दगडांच्या कबरीही मोजणीत आल्या पाहिजेत, कारण अक्षरओळख परत येण्याआधीची थडगी तीच असण्याचा संभव आहे.

आणखी एक काम राहून गेले तर पुन्हा होणार नाही. बेने इस्रायलांच्या आठवणी बऱ्याच प्रमाणात नोंदल्या गेल्या आहेत; त्यांच्या शेजाऱ्यांच्या आठवणींकडे मात्र लक्ष गेलेले नाही. नवगाव, थळ आणि किहीम येथल्या वयस्क कोळी, आगरी आणि माळी मंडळींना या उंचवट्यांबद्दल घरात काय सांगितले जाई, त्या जागेवरून जाताना काही पाळले जाई का, तेथे गुरे चरायला सोडत असत की नसत, शेताची हद्द तेथे आली की नांगर कोठून वळवत असत, हे त्यांना त्यांच्याच बोलीत विचारून ध्वनिमुद्रित करून घ्यायला हवे. जमीन देणाऱ्याचे नाव त्यातून कळणार नाही, पण ती जमीन दिलेलीच राहावी म्हणून गावाने पुढे काय काय केले, याचा माग त्यातून लागू शकेल.